मदत हवी आहे : प्रोसेस वाढवल्यावर एमपीआयसाठी लागणारी मेमरी आटोक्यात कशी ठेवावी?

नमस्कार. एमपीआय (प्रोसेसमध्ये संदेशांची देवाणघेवाण करण्याचे मानक) वापरून हजारो नोडवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) प्रोग्रॅम चालवण्याचा अनुभव असलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमचा प्रोग्रॅम कणांच्या हालचालींचे गणन करतो. अवकाशाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका प्रोसेसला दिलेला असतो आणि दर टप्प्यावर सीमा ओलांडणारे कण शेजारच्या प्रोसेसकडे पाठवले जातात. एका प्रोसेसला साधारण वीस-तीस शेजारी असतात. मात्र कणांची दाटी होते तिथे तुकडे नव्याने आखावे लागतात, त्यामुळे हे शेजारी बदलत राहतात. प्रत्येक प्रोसेसच्या वाट्याचे कण तेवढेच ठेवून प्रोसेस वाढवल्या, तर दर प्रोसेसमागे लागणारी मेमरी स्थिर राहायला हवी. प्रत्यक्षात ती वाढत जाते आणि शेवटी मेमरी संपून काम मध्येच बंद पडते.

याचे एक कारण साध्या हिशेबानेच कळते. कण पाठवण्यासाठी आम्ही ऑलटूऑलव्ही, म्हणजे प्रत्येक प्रोसेसने इतर सर्वांना हवा तेवढा डेटा पाठवण्याचा एमपीआयमधील सामूहिक कॉल, वापरतो. त्याला प्रत्येक प्रोसेसने पूर्णांकांचे चार ॲरे द्यावे लागतात आणि प्रत्येक ॲरेची लांबी एकूण प्रोसेसच्या संख्येइतकी असते; म्हणजे ज्याच्याशी कधीच बोलायचे नाही अशा प्रोसेसमागेही 16 बाइट खर्ची पडतात. जपानमधील फुगाकू या महासंगणकाचे उदाहरण घेऊ. तिथे 1,58,976 नोड आहेत आणि प्रत्येक नोडवर गणनेसाठी 48 कोर व 32 जीबी मेमरी आहे. दर कोरला एक प्रोसेस चालवली तर 76,30,848 प्रोसेस होतात आणि नुसते हे चार ॲरे दर प्रोसेसला सुमारे 122 एमबी, म्हणजे दर नोडला जवळजवळ 5.9 जीबी खातात. त्याच नोडवर चार प्रोसेस आणि प्रत्येकीत 12 थ्रेड (एकाच प्रोसेसची मेमरी वापरून समांतर चालणारे प्रवाह) ठेवले, तर हा आकडा दर नोडला सुमारे 41 एमबीवर येतो. ॲरेंची लांबी आणि नोडवरील त्यांची संख्या या दोन्ही 12 पटींनी घटत असल्यामुळे भार 144 पटींनी उतरतो. आमचे यंत्र याहून पुष्कळच लहान आहे, पण वाढीची रीत तीच आहे.

थ्रेडचा मार्ग सध्या तरी आम्हाला बंद आहे, कारण जुन्या फोरट्रानमधील कॉमन ब्लॉक (सगळ्या थ्रेडना एकदमच बदलता येतील अशी सामायिक चले) सर्वत्र पसरलेले आहेत. एमपीआय-3 मधील सामायिक मेमरीची विंडो (नोडवरील सर्व प्रोसेसना वापरता येणारा मेमरीचा भाग) वापरून केवळ वाचायचे तक्ते नोडवर एकदाच ठेवता येतील आणि ते आम्ही करणारच आहोत. पण त्याने एमपीआयच्या ग्रंथालयाच्या (लायब्ररीच्या) आत खर्च होणारी मेमरी कमी होत नाही. त्यातही नोड जोडणारे आमचे जाळे इन्फिनिबँड या प्रकारचे आहे, आणि विश्वसनीय जोडणीच्या पद्धतीत प्रत्येक जोडीदारासाठी वेगळी क्यू पेअर (पाठवण्याच्या व स्वीकारण्याच्या रांगांची जोडी) आणि तिच्यासाठी मेमरी लागते. गरजेपुरत्याच जोडण्या उघडण्याची सोय असली, तरी एकाच सामूहिक कॉलने सगळ्यांशी जोडणी उघडली गेली तर त्या सोयीचा उपयोग काय?

माझ्या मते अशा विरळ देवाणघेवाणीसाठी ऑलटूऑलव्ही सोडूनच द्यायला हवे. पर्याय दोन दिसतात. पहिला, डिस्ट्रिब्युटेड ग्राफ कम्युनिकेटर (कोणाचे शेजारी कोण हे नोंदवलेला प्रोसेसचा गट) बनवून त्यावर नेबर ऑलटूऑलव्ही, म्हणजे फक्त शेजाऱ्यांपुरते ऑलटूऑलव्ही, वापरणे. यात ॲरेंची लांबी शेजाऱ्यांइतकीच राहते, पण शेजारी बदलले की कम्युनिकेटर पुन्हा बनवावा लागतो. दुसरा, हॉफ्लर, झीबर्ट आणि लम्सडेन यांनी 2010 मध्ये मांडलेली एनबीएक्स पद्धत. तीत आयएससेंडने (समोरच्याने स्वीकारायला घेतल्यावरच पूर्ण होणाऱ्या कॉलने) संदेश पाठवायचे, आयप्रोबने येणारे शोधून घेत राहायचे, आपले सर्व संदेश स्वीकारले गेले की आयबॅरियरमध्ये (सगळ्या प्रोसेस पोहोचल्यावरच पूर्ण होणाऱ्या, पण वाट पाहताना न अडवणाऱ्या कॉलमध्ये) शिरायचे आणि तो पूर्ण झाला की थांबायचे. कोणाकडून काय येणार हे आधी ठाऊक असण्याची गरजच उरत नाही, म्हणून मला ही पद्धत अधिक पटते.

ज्यांनी एनबीएक्स प्रत्यक्ष वापरली आहे त्यांना विचारायचे आहे की, दाटीच्या भागातील एखाद्या प्रोसेसकडे एकाच वेळी अनेक लहान संदेश आले, तर स्वीकारण्यापूर्वी साचणाऱ्या संदेशांची मेमरी मर्यादित कशी ठेवता? शेजारी दर काही टप्प्यांनीच बदलत असतील, तर ग्राफ कम्युनिकेटर पुन्हा बनवणे परवडते का, आणि जुना मुक्त केल्यावर त्याची मेमरी खरोखर परत मिळते का? ऑलटूऑलव्हीमध्ये शून्य लांबीच्या संदेशांसाठीही जोडणी उघडली जाते का, हे तुमच्या ग्रंथालयात कसे तपासले? शिवाय मोजमापाबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. आरएसएसमध्ये (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीच्या आकड्यात) सामायिक पाने प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पूर्ण मोजली जात असल्यामुळे मी पीएसएस (सामायिक पाने वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये वाटून मोजणारा आकडा) पाहतो, पण त्यातून ग्रंथालयाचा वाटा आमच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. त्यासाठी तुम्ही कोणते साधन वापरता?