मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या गोष्टींचं कुठलं पुस्तक घेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही मेलबर्नला असतो आणि मुलीला रात्री सांगायला इथल्या मूळ लोकांच्या गोष्टी शोधतोय. फुकट ऑनलाइन मिळतं ते के. लँगलो पार्कर बाईंचं १८९६ चं पुस्तक, नॅरन नदीकाठच्या युआलायी लोकांकडून ऐकून लिहिलेलं. गोष्टी मस्त आहेत पण सांगायची पद्धत अगदी इंग्रजी परीकथांसारखी, त्यामुळे मजा निम्मी.

मग डेव्हिड युनायपॉन हे आदिवासी लेखक सापडले, ५० डॉलरच्या नोटेवर आहेत तेच. स्वतः नगारिंजेरी समाजाचे, १९२० च्या दशकात फिरून फिरून कथा गोळा केल्या, आणि १९३० मध्ये पुस्तक आलं ते विल्यम रॅमसे स्मिथ या डॉक्टरच्या नावावर, यांचा साधा उल्लेख पण नाही!! थेट २००१ मध्ये त्यांच्या नावाने निघालं. ही आवृत्ती कोणी वाचलीये का, सात वर्षांच्या पोरीला झेपेल का?

आणि कथा सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज कुठे ऐकायला मिळतील? कॅनबेराच्या आयात्सिस (AIATSIS) या आदिवासी संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत मोठा संग्रह आहे, पण काही कथा ठराविक लोकांनीच ऐकायच्या असतात, म्हणून सगळ्यांसाठी खुलं असलेलंच सुचवा प्लीज.