दक्षिण युरोपात हात राखून लांबचा मुक्काम : तुमचे अनुभव सांगा

दहा दिवसांत पाच देश अशा सहलींबद्दल भरपूर वाचायला मिळतं. मला हवेत ते वेगळे अनुभव. स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस या बाजूला ज्यांनी एकेका शहरात तीन-चार आठवडे बिऱ्हाड केलं, हात राखून खर्च केला, त्यांनी सविस्तर लिहा. काय परवडलं, काय महागात पडलं, कुठे जीव रमला, सगळं सांगा. सुरुवात मी करते.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं डिसेंबर-जानेवारीत दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाला राहिलो. वसंतातल्या फेरियाच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या जत्रेच्या, वेळचं भाडं पाहून छाती दडपली होती. हिवाळ्यात महिन्याच्या बोलीवर घर आवाक्यात आलं. मात्र अंदालुसिया, म्हणजे सेव्हियाचा प्रांत, म्हटलं की ऊन, असं धरून आम्ही जाड कपडे नेले नव्हते. तिथली जुनी घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली, फरशी बर्फासारखी. पहिली रात्र कुडकुडत काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी आम्हाला त्यांच्या गोल टेबलाशी बसवलं. टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड आणि आत, पायाशी, विजेची शेगडी. कापड मांडीवर ओढून घ्यायचं. पाय शेकले की अंगातली हुडहुडी जाते. पूर्वी तिथे निखाऱ्यांचं पसरट भांडं असायचं. याला म्हणतात मेसा कामिया. आमच्या घरातही तसंच टेबल होतं, पण कापड वर करून बघायचं सुचलं नव्हतं.

जेवण दुपारी बाहेर, रात्री घरी. कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ मिळतो : दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी काहीतरी गोड, साधारण 12 ते 15 युरोत. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. सॅलडमध्ये ट्यूना असतो, मसुरात हॅमचे तुकडे. ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ हे नाव पाठ करा. पालक आणि काबुली चणे, लसूण, जिरं आणि तळलेल्या पावाचं वाटण. पहिला घास घेऊन ह्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली आणि एवढंच म्हणाले, “जिरं!”

•••

ताई, फार छान लिहिलंत. मी दिवसांच्या हिशोबाबद्दल लिहितो, कारण माझी फसगत तिथेच झाली. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसावर, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. हे 180 दिवस रोज पुढे सरकतात. ज्या दिवशी तिथे आहात, त्या दिवसापासून मागे मोजायचं, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही धरायचा. मी सहा-सहा महिन्यांचे दोन कप्पे केले होते. दक्षिण इटलीत असताना कळलं, ठरल्याप्रमाणे राहिलो तर चार दिवस जास्त होतात. तिकीट बदलून बारीहून रात्रीच्या बोटीने शेंगेनबाहेरच्या अल्बेनियात दुर्रेसला उतरलो. मल्टिपल एंट्रीचा, आधी वापरलेला शेंगेन व्हिसा वैध असल्याने तिथे वेगळा लागला नाही. नियम बदलतात, निघण्यापूर्वी स्वतः तपासाच. क्रोएशियाचे दिवस वेगळे धरायचा जुना सल्लाही आता उपयोगाचा नाही. 1 जानेवारी 2023 पासून तोही शेंगेनमध्ये आहे. अर्ज मात्र जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडेच करा.

•••

इटलीत सिसिली बेटावरच्या पालेर्मोला जा, एवढंच सांगायला आले होते, पण लिहायला घेतलं की थांबवत नाही. बालारोच्या बाजारात मासे, भाज्या आणि आरोळ्या यांतून वाट काढत गेलं की पानेल्लेची गाडी लागते. चण्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापून थंड करायचं, काप तळायचे. म्हणजे आपल्या पाटवडीचीच कृती, फोडणीशिवाय! त्यांत अजमोद्याची पानं असतात. तिळाच्या मऊ पावात चार-पाच काप, वर मीठ आणि लिंबू, कागदात गुंडाळून हातात. मी सांगलीची, वसतिगृहात वडापाववर वाढलेली. तीन आठवडे दुपारचं जेवण बहुतेक हेच, आणि एकदाही कंटाळा आला नाही.

•••

इटलीत सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. माद्रिदचं प्रादो संग्रहालय फुकट सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8, रविवारी 5 ते 7. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच घ्या, बसलात की दर वाढू शकतो. रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्तोरस्ती नळ वाहत असतात आणि पाणी उत्तम असतं.

•••

आमचं मूळ गाव गोव्यातल्या पेडण्याजवळ. लिस्बनला पोचेपर्यंत मला वाटत होतं, भाषेचं कसं होणार. सुपरमार्केटात भाजीवरच्या पाट्या वाचायला लागलो : ‘बताता’ म्हणजे बटाटा, ‘कोव्ह’ म्हणजे आपला कोबी. घरमालकीण किल्ली देताना ‘शाव्ह’ म्हणाली, त्यात मला चावी ऐकू आली. नाताळ तर तिथे ‘नाताल’च. लिस्बनच्या अल्फामा या जुन्या भागात, चढावर, महिनाभर राहिलो. भाडं काढण्याआधी जिने मोजा; माझ्या आईच्या गुडघ्यांना ते फार जड गेले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

•••

मी एकटी, वय 61. सप्टेंबरभर अथेन्सला होते. चौथ्या दिवशी मेट्रोच्या गर्दीत पाकीट गेलं. पासपोर्ट आणि दुसरं कार्ड घरी कपाटात होतं म्हणून निभावलं. तुम्हीही एका पिशवीत सगळं ठेवू नका.

तिथे ‘लाइकी’ म्हणजे आठवडी बाजार, गल्लीगल्लीचा वार ठरलेला. माझा शनिवारचा, कालिद्रोमियू रस्त्यावरचा. उठायच्या वेळी गेलं की भाव उतरतात. तिसऱ्या शनिवारी एका गाड्यावर हिरव्या पाल्याचा ढीग दिसला. पान उलटून पाहिलं, देठ मोडून पाहिला. माठ! ते त्याला ‘व्लिता’ म्हणतात, उकडून वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल घालतात. मी दोन जुड्या घेतल्या, घरी येऊन लसूण आणि सुकी मिरची घालून परतल्या. पुढच्या शनिवारी तशीच भाजी करून, डब्यात घालून त्या भाजीवाल्या बाईंना नेऊन दिली. त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या, पावाशी खाल्ली आणि बोटांनी विचारलं, लसूण किती पाकळ्या?