भीती तीनदा उभी राहिली: यंदाची 'शारदा' आणि वन्स मोअर

तिसऱ्या रांगेतला
काल 'दर्दी'ने इथे गोव्यातल्या जत्रांमधल्या संगीत नाटकांच्या यंदाच्या हंगामाचा हिशेब मांडला. सतरा प्रयोग पाहिले म्हणे, आणि सगळ्यांत वर डिचोलीकडच्या एका जत्रेतली, देवलांची 'शारदा'. कारण? 'मूर्तिमंत भीती उभी'ला तीन वन्स मोअर पडले आणि पद अकरा मिनिटं चाललं. खाली टोमणा: 'अभिनय बघायचा त्यांनी मुंबईला जावं, गोव्यात आम्ही गळा ऐकतो.' दोन ओळींत उत्तर देणार होतो. जमलं नाही.

त्या 'शारदे'ला मीही होतो. बापाने पैशांसाठी पाऊणशे वर्षांच्या म्हाताऱ्याला द्यायला काढलेली ती पोर. तिच्या तोंडी हे पद आहे. आणि आमची शारदा तबलजीकडे वळून, गोड हसून समेवर येत होती. भीती उभी राहिली, टाळ्या पडल्या, भीती बसली. वन्स मोअर. भीती परत उठली. तिसऱ्या खेपेला तर विंगेतून पाण्याचं भांडं आलं आणि भीतीने दोन घोट घेतले. माझ्या शेजारचे काका 'व्वा' म्हणाले. मी म्हटलं, काका, पोरगी घाबरलीय. ते म्हणाले, छे हो, काय तयारी आहे!

गळ्याचं मला वावडं नाही. यंदा माझ्या मते सगळ्यांत वरचा प्रयोग केपे भागातल्या एका हौशी मंडळाच्या 'मत्स्यगंधा'चा. सत्यवतीचा आवाज 'अर्थशून्य भासे'च्या अंतऱ्यात फाटला आणि तिने तो सावरला नाही, तसाच पुढं नेला. एकही वन्स मोअर नाही. मांडवात दोन सेकंद कुणी खोकलंसुद्धा नाही. सतरा प्रयोगांत 'दर्दी'ला असं काही दिसलं का?

दर्दी
दिसलं ना. बेसूर गाणं दिसलं की मी त्याला बेसूर म्हणतो, तुम्ही अभिनय म्हणता.

अहो, जाहिरातीवर नाटकाच्या नावाआधी काय लिहिलेलं असतं? 'संगीत'. १९२१ साली मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. टिळक स्वराज्य फंडासाठी लोकांनी पैसे ओतले. ते काय भामिनीचं लग्न जमतं की नाही या काळजीने गेले होते? आणि धैर्यधर तर सेनापती! सेनापतीने ताना घ्याव्यात का? तुमच्या न्यायाने आमच्या मंगेशीच्या दीनानाथांनाही घरी बसवावं लागेल. धैर्यधराची पदं त्यांनी आपल्या गळ्याला हवी तशी वळवली. कोणी म्हणालं नाही की सेनापती असा वागत नाही.

पेटीमास्तर
दर्दीसाहेब, इतिहास अर्धाच सांगताय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' आणलं त्यात पदं शंभराच्या वर. बरीचशी साकी, दिंडी अशा चालींतली, बोलता बोलता म्हणायची. संवादच तो, फक्त सुरात. प्रत्येकाला तुमची अकरा मिनिटं लावा आणि गुणाकार करा. अठरा तासांच्या वर. सुभद्रेचं हरण होईपर्यंत पुढच्या गावची जत्रा लागेल.

ख्यालासारखं पद पसरणं नंतर आलं, गंधर्वकाळात. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे मुळातच खानदानी. 'नाथ हा माझा'त रुक्मिणी आनंदात आहे, तिथं रमली तर शोभतं. 'मूर्तिमंत भीती'त रमायचं काय आहे? आणि बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळे.

बाकी खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या 'शारदे'ला साथीला कीबोर्ड होता. कीबोर्ड! ऑर्गनचा भरलेला स्वर गेला आणि त्याजागी ही डबडी आली, त्यावर कोणी धागा काढत नाही.

दर्दी
तीन मिनिटांत मोकळे, कारण तबकडीच तेवढी होती, मास्तर! थिएटरात ते काय करायचे ते आजोबांना विचारा.

पेटीमास्तर
हे बरोबर आहे. तबकडीचा मुद्दा मागे. कीबोर्डाचा नाही.

तिसऱ्या रांगेतला
आणि आपल्याच संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांचं काय? तेही मंगेशीचेच. १९६४ साली 'मत्स्यगंधा'त त्यांनी पदं आटोपशीर केली. रामदास कामतांचं 'गुंतता हृदय हे' घ्या, एक ओळ जास्तीची नाही. गोव्याला गळाच हवा असतो, हे गोव्याच्या माणसाने साठेक वर्षांपूर्वीच खोटं ठरवलंय.

दर्दी
आणि तीनच वर्षांनी त्याच बुवांनी 'कट्यार काळजात घुसली'ला संगीत दिलं. तिथं गाण्याशिवाय काय आहे?

तिसऱ्या रांगेतला
तिथं गाणं हीच गोष्ट आहे! 'घेई छंद मकरंद' दोन ढंगांनी येतं कारण भांडण दोन घराण्यांचं आहे. गाणं काढा, नाटक उरत नाही. 'शारदे'तली भीती काढा आणि ताना ठेवा, तरी तुम्हाला चालतं. फरक एवढाच.

साखळीची नात
तुम्ही दोघं गळा-अभिनय करत बसा. पहिल्या आणि दुसऱ्या वन्स मोअरच्या मध्ये काय झालं ते कोणीच लिहिलं नाही. माईकवर घोषणा: 'अमुक यांच्याकडून शारदेच्या भूमिकेस पाचशे एक रुपये.' मग 'तमुक कुटुंबाकडून एक हजार एक.' मग तमुकांचं नाव चुकलं म्हणून परत. शारदा हात जोडून उभी. पोरगी म्हाताऱ्याला विकली जातेय आणि वर लिलाव चालू! मला तर वाटलं देवलांनीच लिहिलंय. पद लांबवते ती गायिका नव्हे, हे बक्षीसवाले लांबवतात.

बोरीचा जावई
आता मला बोललंच पाहिजे. मी आमच्या उत्सव समितीवर आहे आणि तो माईक माझ्याच हातात असतो. (त्या जत्रेतला नव्हे, आमच्या.) पडदे, लाइट, साउंड, वेशभूषा, मेकअपवाला, साथीदार, बाहेरून येणारी नायिका, सगळ्यांचं जेवण. तिकीट लावत नाही, देवाचा मांडव आहे. पैसा कुठून यायचा? ज्याने पाचशे दिले त्याचं नाव घ्यायला नको? पडदा पडल्यावर घेतलं तर ऐकायला फक्त कुत्री असतात.

साखळीची नात
मग दोन प्रवेशांच्या मध्ये घ्या. माझे आजोबा बक्षीस द्यायचे ते रंगपटात जाऊन, रुमालात बांधून, नाव न सांगता. आजीला ते मेल्यावर कळलं, जुने नट घरी आले तेव्हा. माईकवर नाव ऐकायला देणं म्हणजे दान नव्हे, जाहिरात.

बोरीचा जावई
रुमालवाले आजोबा आता कुठल्या वाड्यावर मिळतात ते कळवा, आम्ही गाडी पाठवतो.

साखळीची नात
घाटावरून जावई म्हणून आलात, तुम्हाला इथला उत्सव म्हणजे बजेट वाटणारच.

बोरीचा जावई
पंधरा वर्षं पडदा ओढतोय मी. हाताला घट्टे आहेत. तुम्ही किती वर्षं ओढलात? पुण्यात बसून जत्रेचे व्हिडिओ बघणाऱ्यांनी इथला-तिथला करू नये.

साखळीची नात
पुण्यात नोकरी आहे, व्हिडिओ बघत नाही, रजा काढून येते. पण घाटावरचं बोलले ते चुकलं. बक्षिसाचं चुकलं नाही.

म्हापशेंकार
एक कोकणी मनीस मध्येच बोलतो, चालेल? आमच्या तियात्राने, म्हणजे कोकणी नाटकाने, हा घोळ कधीच सोडवलाय. कांतार, म्हणजे गाणं, कथेच्या मध्ये येतं, पण कथेचं नसतं. पडदा पडतो, गायक पुढं येतो, मंत्र्याची सालटी काढतो, लोक ओरडून पुन्हा गाऊन घेतात. मग पडदा वर जातो तेव्हा कथा सोडली होती तिथंच शाबूत. वन्स मोअरने कुणाची भीती मोडत नाही. १८९२पासून चाललंय. तुम्ही नायिकेलाच गायला लावता आणि मग ती गायली म्हणून रडता.

दर्दी
झालं! आला कोकणी-मराठी वाद.

म्हापशेंकार
वाद तुम्ही काढला, बाबा. मी कांतारावर बोललो. आणि माझी आई 'सौभद्रा'ची सगळी पदं रांधताना म्हणायची, कुठल्या भाषेत ते तिला कधी कोणी विचारलं नाही.

रात्रपाळी
दोन दिवस वाचतेय. लिहिणार नव्हते.

ती शारदा मी नव्हे. पण सहज असू शकले असते. मी 'बाहेरून येणारी नायिका' आहे, वर जावईबापूंच्या यादीत मेकअपवाला आणि साथीदारांच्या नंतर जिचा नंबर आला ती. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत चाळीसेक रात्री. आज सुभद्रा, उद्या शारदा, परवा कुठल्यातरी ऐतिहासिकातली राणी. संहिता फोनवर येते, पानांचे फोटो, अर्धी पानं तिरकी. तालीम एकच, तीही प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी, आणि तिला अर्धी पात्रं नसतात कारण कुणी बसवर ड्युटीला, कुणी देवळात आरतीला. भुजंगनाथाला, म्हणजे शारदेच्या त्या म्हाताऱ्या वराला, मी पहिल्यांदा पाहते ते स्टेजवर. एकदा तो माझ्या डाव्या बाजूने यायचा तो उजवीकडून आला आणि मी खरोखरच दचकले. त्या रात्री माझ्या अभिनयाची स्तुती झाली.

प्रॉम्प्टरचा आवाज नटापेक्षा मोठा. समोरच्याचं वाक्य कधी संपतं ते कळत नाही कारण त्यालाही माहीत नसतं. अशा वेळी पद सुरू झालं की मला हायसं वाटतं. पद माझं असतं. पट्टी माझी, लय मला ठाऊक.

आणि ते तबलजीकडे बघून हसणं. तिसऱ्या रांगेतून तुम्हाला ते नखरा वाटलं असेल. अहो, मंडळं बदलतात, गावं बदलतात, तबलजी बहुतेक तोच असतो. त्या सगळ्या स्टेजवर माझ्या ओळखीचा तो एकटा. तो मान हलवतो, म्हणजे बाये, चाललंय बरं, पुढं जा. मी हसते. चुकतं, मान्य. शारदेने हसू नये. पण हसू येतं.

एका वर्षी ठरवलं, 'मूर्तिमंत भीती'ला वन्स मोअर घ्यायचाच नाही. पद संपलं, मी खाली बसले, मान घातली, हलले नाही. मागून शिट्ट्या. मग 'आवाज बसला काय गो?' मग हशा. समोरच्या नटाने बिचाऱ्याने पुढचं वाक्य घेतलं, कुणी ऐकलं नाही. समितीने पाकीट दिलं ते ठरल्यापेक्षा हलकं होतं. 'लोकांक मजा येवंक ना' म्हणाले. पुढल्या वर्षी त्या गावातून फोन आला नाही. गावाचं नाव सांगणार नाही, उत्सव चांगला असतो.

पाण्याचं मात्र मनाला लागलं. रात्रीचे दीड वाजलेले असतात, मळ्यातलं दंव पडत असतं, घसा लाकूड होतो. पाणी प्यायले तर भीती विनोदी होते होय?

तिसऱ्या रांगेतला
बाई, पाण्याचं वाक्य मागे घेतो. तबलजीचंही घेतो. ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी तीस वर्षं समोर बसतोय.

पद तीनदा नको, यावर मात्र ठाम आहे. उलट आता जास्तच. तुम्ही खाली बसून राहिलात तो प्रयोग मला पाहायला मिळाला असता तर माझ्या यादीत तोच पहिला असता.

दर्दी
म्हणजे दोष गायिकेचा नाही, समितीचा नाही, पेटीवाल्याचा नाही. राहिलो कोण, आम्ही ओरडणारे. ठीक आहे, मी ओरडलो. पहिला वन्स मोअर माझा होता. तिसरा माझा नव्हता, तो मागच्या खुर्च्यांतला.

साखळीची नात
इतक्या मोठ्या मनाने कबुली! माईकवर जाहीर करूया का?

बोरीचा जावई
रात्रपाळीताई, यादीत तुमचं नाव चुकीच्या जागी पडलं, खरंच. आमच्याकडे यंदा दोन तालमी ठेवतो. भुजंगनाथ शाळामास्तर आहे, संध्याकाळी मोकळा असतो. बक्षिसं पदाच्या मध्ये घेणार नाही. प्रवेश संपल्यावर घेईन. त्याहून मागे सरकणं शक्य नाही, देणारे पुढच्या रांगेत बसलेले असतात आणि माझ्याकडे बघत असतात.

रात्रपाळी
तुमच्याकडे मला बोलावलंय का आधी ते सांगा!

बोरीचा जावई
बोलावलंय. 'शारदा'च. फोन करतो. साडेदहाला नांदी.

म्हापशेंकार
साडेदहा म्हणजे साडेबारा. मी जेवून येतो.

दर्दी
मीही येतो. एक वन्स मोअर तरी चालेल ना? 'म्हातारा इतुका न'ला. ते तर सख्यांच्या थट्टेचं पद आहे, तिथं कुणाची भीती मोडत नाही.

तिसऱ्या रांगेतला
तिथं दोन घ्या. मी स्वतः ओरडतो.

पेटीमास्तर
साथीला ऑर्गन आहे की कीबोर्ड?

बोरीचा जावई
कीबोर्ड.

पेटीमास्तर
मग मला धरू नका.