‘बार्जी’ म्हणायचं की नाही? कालव्यावरच्या बोटवाल्यांचा प्रश्न

शिळोप्याची
व्हिक्टोरियन इंग्लंडमधली एक कथा मराठीत आणते आहे. कालव्यातून कोळसा वाहणारं कुटुंब आहे आणि निवेदक त्यांना पानोपानी ‘बार्जी’ म्हणतो. माझं मत : हा शब्द मराठीत तसाच उचलू नये. मिडलँड्समधल्या (मध्य इंग्लंडमधल्या) बहुतेक कालव्यांची लॉकं (बोट वरखाली चढवणारे दारांचे हौद) जेमतेम 7 फूट रुंद, त्यामुळे बोटीही तेवढ्याच अरुंद, लांबी मात्र 70 फुटांपर्यंत. ही नॅरोबोट, बार्ज बरीच रुंद असते. हे लोक स्वतःला बोटमन म्हणवत, कालव्याला नुसतं ‘कट’ म्हणत, आणि ज्याची बोट स्वतःच्या मालकीची तो ‘नंबर वन’. ‘बार्जी’ म्हटलं की त्यांना झोंबायचं. तो काठावरच्यांचा शब्द, त्यातही नाक मुरडणाऱ्यांचा. शिवराळ माणसाला ‘बार्जीसारखा तोंड सोडतो’ म्हणायची तिकडे रीतच होती.

खडूस_वाचक
असहमत. शब्द कालव्यांहून जुना आहे. कोळशासाठी खणलेला ब्रिजवॉटर कालवा, म्हणजे या कालव्यांतला अगदी सुरुवातीचा, तोही 1761 चा, आणि ‘बार्जी’ सतराव्या शतकापासून सापडतो. तेव्हा नद्यांवर खरोखरच्या बार्जेस होत्या, त्यांवरचा माणूस तो बार्जी. पुढे बोट अरुंद झाली म्हणून शब्द शिवी ठरत नाही. आणि निवेदक तुच्छतेनेच बोलत असेल, तर ती तुच्छता गाळणारे आपण कोण? अनुवाद करायचाय की सारवासारव?

शिळोप्याची
नद्यांचंच बघा. टेम्सवर जहाजातला माल उतरवून घेणारे स्वतःला लाइटरमन म्हणवत. वर्षानुवर्षं उमेदवारी करून परवाना मिळवलेले लोक. खऱ्या बार्जवरच्यांनीही ‘बार्जी’ कुठे मिरवलं?

गाळीव_इतिहास
दोघेही शब्दकोशात अडकलात. हा शब्द बिघडला तो रेल्वेमुळे. रेल्वेने भाडी पाडली, तेव्हा काठावरचं घर आणि पगारी गडी दोन्ही परवडेनात. बायकोमुलं बोटीवर आली आणि बिनपगारी कामाला लागली. कुणी काठाने बोट ओढणारा घोडा हाकायचा, कुणी लॉकचं दार ढकलायचं. साधारण 10 फूट लांब केबिनमध्ये अख्खा संसार! बोट आज इथे, उद्या तिथे, म्हणून मुलांची शाळा नाही. मग 1875 मध्ये कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने या लोकांवर पुस्तक काढलं : दारू, निरक्षरता, घाण, अनीती. हा गृहस्थ स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला, हेतूबद्दल शंका नाही. त्याच्या खटपटीने 1877 चा कायदा झाला, राहत्या बोटींची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली, 1884 मध्ये तो आणखी कडक केला. पण वर्णन इतकं भडक की सगळी जमातच बदनाम झाली. पितळ लखलखीत ठेवणारी, केबिनच्या दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवणारी घरं त्यात जवळजवळ दिसतच नाहीत. ‘बार्जी’ला वास येतो तो या हवेचा. म्हणून शब्द ठेवा, पण कोणाच्या तोंडी येतो ते नीट बघा.

(जाता जाता : कालव्यावरच्यांनीही परतफेड केली आहे. काठावर नुसतं बघत उभं राहणाऱ्या रिकामटेकड्याला त्यांचा शब्द ‘गाँगूझलर’.)

मांडवीकर
आमच्या गोव्यात खनिज भरून मांडवी-जुवारीतून मुरगावला जाणाऱ्या त्या बार्जच. ‘बार्जीर आसा’ (बार्जवर असतो) म्हटलं की नोकरी कळते, अपमान कुणाला वाटत नाही. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा त्याच माणसांच्या घरचे हाल झाले, तेव्हाही शब्दाची तक्रार नव्हती. तुमचा ‘बार्जी’ वाचून मला आधी आमचीच माणसं दिसली.

खडूस_वाचक
घ्या! म्हणजे मराठी वाचकाला शब्दात काही खुपत नाही.

शिळोप्याची
तीच तर अडचण. खुपायला हवं तिथे खुपत नाही, आणि मूळ कथेतला डंख उडून जातो. आपल्याकडे ‘हमाल’ ऐकून जो सूर कळतो तो ‘बार्जी’त कळणार कसा?

खडूस_वाचक
‘हमाल’ चुकीचं उदाहरण. 1969 च्या माथाडी कायद्याच्या नावातच ‘हमाल’ आहे. त्याच नावाने संरक्षण मिळालं.

गाळीव_इतिहास
कायद्यात नाव असणं वेगळं आणि ‘ए हमाल’ अशी हाक मारणं वेगळं. माथाडी संघटित झाले, स्वतःचं नाव स्वतः लावून घेतलं. नॅरोबोटवाले सतत फिरते आणि विखुरलेले, त्यांचं नाव दुसऱ्यांनीच पाडलं.

शिळोप्याची
ठरवते आहे : निवेदकाच्या आणि लॉकवरच्या कारकुनाच्या तोंडी ‘बार्जी’, कुटुंबाच्या आपसातल्या बोलण्यात ‘बोटवाले’. ‘नावाडी’ नको, तो उतारू पलीकडे सोडतो.

खडूस_वाचक
‘बोटवाले’ म्हणजे एलिफंटाची तिकिटं फाडणारे वाटतील. ‘कालवेकरी’ चालतंय का बघा. आणि पहिल्याच पानावर कुणाच्या तरी तोंडून एक सणसणीत ‘ए बार्जी’ येऊ द्या, तळटीप लागणार नाही.