दी नातालेला का विसरलात?
वर एकांनी लिहिलंय की मोठ्या क्लबकडून खेळला नाही तो ग्रेट कसला, हे मला अजिबात पटलं नाही. इन्झागी, टोनी अशा इटलीच्या ग्रेट स्ट्रायकर्सच्या (फुटबॉलमधले गोल मारणारे खेळाडू) यादीत अंतोनिओ दी नाताले हवाच! २०१० ला युव्हेंटससारखा मोठा क्लब मागे लागलेला तरी गडी आपला छोटा क्लब उदिनेसे सोडून गेला नाही, आणि त्याआधीच्या सीझनला २९ नि नंतरच्या सीझनला २८ गोल मारून लागोपाठ दोनदा सेरी आचा (इटलीची टॉप लीग) टॉप स्कोअरर, तेही तिशी उलटल्यावर.
युरो २०१२ ची (युरोपातल्या देशांची स्पर्धा) इटलीची स्पेनविरुद्धची मॅच आठवा, बालोटेलीच्या जागी नुकताच आत आलेला, पिर्लोने डिफेन्समधून पास काढला, हा बरोब्बर वेळेत धावला आणि स्पेनचा गोलकीपर कासियासला चकवून बॉल कोपऱ्यात, काय फिनिश होता तो! सेरी आमध्ये २०९ गोल आहेत त्याचे, बहुतेक सगळे उदिनेसेकडूनच.