मदत हवी आहे: वॉर्डातल्या मावशींना सुई टोचली, पेशंट कोणता ते माहीत नाही

नमस्कार. मी पुण्यात हडपसर भागातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे.

काल रात्री पावणेबाराला आमच्या मावशी कचऱ्याची पिवळी पिशवी बांधत होत्या. सुया पांढऱ्या डब्यात जायला हव्यात, पण कोणीतरी एक पिशवीत टाकली होती. ग्लोव्ह फाडून ती तळहातात घुसली. मावशी जखम दाबून रक्त काढायला लागल्या, वॉर्डबॉय स्पिरिट घेऊन धावला. मी दोन्ही थांबवलं आणि साबण लावून हात नळाखाली धरायला लावला. दाबून किंवा झोंबणारं काही लावून उपयोग नसतो, कातडी मात्र जास्त दुखावते.

सुई पोकळ होती, आत रक्त होतं, आणि वॉर्डात सात पेशंट. आमच्याकडे पीईपीच्या, म्हणजे अशा वेळी एचआयव्हीची लागण टाळायला लगेच घ्यायच्या, गोळ्या नव्हत्या म्हणून रिक्षा करून ससून हे सरकारी हॉस्पिटल गाठलं. दीडच्या आत पहिली गोळी पोटात गेली. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीसाठी रक्तही दिलं.

अडचण पुढे आहे. मावशींनी हिपॅटायटिस बीची लस कधीच घेतलेली नाही. आम्हा नर्सेसना तीनही डोस मिळाले, त्यांना कोणी विचारलंच नाही. आता इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हिपॅटायटिस बीविरुद्धच्या तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन लागेल, ते महाग. हॉस्पिटल म्हणतं कंत्राटदाराला सांगा, कंत्राटदार म्हणतो पगारानंतर बघू. त्यात मळमळ होतेय म्हणून मावशी गोळ्या सोडायचं म्हणतायत. काय करू?

प्रतिसाद १
सिस्टर, पगाराची वाट बघू नका. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत द्यायचं असतं, फार तर ७ दिवसांत. लसीचा पहिला डोस आजच, दुसऱ्या दंडात. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण बाधित रक्ताची सुई टोचली तर त्याचा धोका साधारण ०.३ टक्के. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका ६ ते ३० टक्के! हिपॅटायटिस सीसाठी आधी घ्यायचं औषध नाही, तपासणी चुकवायची नाही एवढंच. लागण झालीच तर ती आता गोळ्यांनी बरी होते.

पीईपी २८ दिवस पूर्ण करायलाच हवं. जेवून, रात्री झोपताना गोळी घेतली तर मळमळ कमी जाणवते, बहुतेकांची काही दिवसांत थांबतेही. ॲसिडिटीचं औषध किंवा कॅल्शियम, लोहाची गोळी सोबत घेऊ देऊ नका, किती अंतर ठेवायचं ते एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राला) विचारा. शंका आली तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा.

प्रतिसाद २
एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू सप्टेंबर २०१८ पासून. त्यात पीईपी देण्याची जबाबदारी आस्थापनेवर आहे, आणि शब्द आहेत तिथे काम करणाऱ्या सर्व व्यक्ती. कंत्राटी वेगळे काढलेले नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणंही हॉस्पिटलचंच काम आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. टोचल्याची वेळ रजिस्टरमध्ये आजच नोंदवून घ्या. मावशींच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर बिबवेवाडीचं ईएसआय हॉस्पिटलही आहे.

मूळ लेखिका
दोघांचे मनापासून आभार. अर्ज दिला, पोच मिळाली. बिलावर सही व्हायला संध्याकाळ होईल म्हणाले, म्हणून आम्ही चौघींनी पैसे काढून इंजेक्शन दुपारीच आणलं. लसही झाली. सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांच्या तपासणीच्या तारखा मी माझ्या फोनवर लावल्यात, मावशींना वाचता येत नाही. ईएसआयच्या अपघात फॉर्मवर सही कोणाची लागते, हॉस्पिटलची की कंत्राटदाराची?