पार्किंगला स्टिअरिंग अचानक जड, हायवेवर ठणठणीत: रॅक गेला की वायरिंग?

जडहस्त
मंडळी, तीन आठवडे डोकं खाल्लंय या गाडीनं. पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक, पण वेगाप्रमाणे जड-हलकं होणारं. रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या भागाच्या, व्हॉल्व्हवर सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणारी विजेची कॉइल) आहे, त्याला दोन तारांचा कपलर (जोडणी). सकाळी गाडी काढली की एका बोटानं चाक फिरतं. अर्धा-पाऊण तास चालवून पार्किंगला लावायला गेलो की मध्येच जड. हळूहळू नाही, कुणीतरी बटण दाबल्यासारखं. दोनदा मागेपुढे केलं की परत हलकं. हायवेवर काही म्हणता काही नाही.

ऑइल बदललं, बेल्ट नवा टाकला, फ्यूज पाहिला. कॉइल गार असताना मोजली: 6.8 ओहम. कपलर काढून किल्ली ऑन केली आणि मल्टिमीटर लावला, 12.4 व्होल्ट आले, म्हणजे सप्लाय आहे. माझ्याकडचा छोटा स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. गॅरेजवाले म्हणतात रॅकच बदला. रॅक बदलायला माझी ना नाही, पण सकाळी ठीक आणि तापल्यावर आजारी, असा रॅक असतो का?

गियर_गणपत
पंप बघा. आमच्या गाडीचा गेला होता तेव्हा अस्संच व्हायचं.

जुनाखिळा
पंप नाही हो. पंप किंवा बेल्टची तक्रार असेल तर जड झालेलं असताना गाडी रेस करा, फरक पडतो, आवाजही येतो. आणि बटण दाबल्यासारखं जड-हलकं होणं हे ऑइलचं वागणं नाही, तारेचं आहे.

रॅकबद्दल: सील झिजलेला रॅक बहुतेक वेळा उलटा वागतो. सकाळी गार असताना जड, तापला की सुधारतो. तुमची शंका बरोबर आहे.

आता तुमच्याच लिहिण्यातला पुरावा. हायवेवर काही जाणवत नाही, कारण तिथे स्टिअरिंग जडच असायला हवं! कमी वेगाला मॉड्यूल (स्टिअरिंगचा कंट्रोल कॉम्प्युटर) सोलेनॉइडला भरपूर करंट देतं, वेग वाढला की कमी करतं. तुमच्या गाडीत करंट तुटला की स्टिअरिंग हायवेसारखं जड होत असणार. म्हणून बिघाड फक्त पार्किंगमध्ये दिसतो.

आणि ते 12.4 व्होल्ट विसरा. मल्टिमीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेतला एकच केस शिल्लक असला तरी पूर्ण व्होल्टेज दाखवील. लोड, म्हणजे करंट ओढणारा दिवा वगैरे, लावून तपासा.

सर्किटबहाद्दर
थांबा. माझ्या गाडीत सोलेनॉइडचा कपलर काढला तर स्टिअरिंग उलट हलकं झालं, हायवेवर तर भीती वाटावी इतकं. तेव्हा "करंट गेला की जड" हे सरसकट खरं नाही.

जुनाखिळा
मान्य. दोन्ही प्रकारच्या रचना असतात. काहींत करंट शून्य म्हणजे पूर्ण मदत, काहींत करंट शून्य म्हणजे कमीत कमी मदत. म्हणून पहिली परीक्षा हीच: गाडी उभी, इंजिन चालू, चाक फिरवून अंदाज घ्या, मग इंजिन बंद करून कपलर काढा आणि पुन्हा तेच करा. फरक पडला तर व्हॉल्व्ह जिवंत आहे आणि तुमची रचना कुठली तेही कळतं. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा करंट मुळातच पोचत नाही.

एक कळकळीची विनंती: तपासायला म्हणून सोलेनॉइडला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट देऊन बसू नका. 6.8 ओहमला पावणेदोन अँपिअरच्या वर जातात, त्यासाठी ती कॉइल नाही. आणि स्टिअरिंग कॉलममधल्या पिवळ्या कपलरला हात लावू नका, तो एअरबॅगचा.

जडहस्त
केलं. कपलर काढल्यावर अगदी तोच जडपणा, जो पार्किंगमध्ये येतो. म्हणजे करंटच तुटतोय.

मित्राकडून मोठा स्कॅनर आणला. माझा छोटा फक्त इंजिनचे 'पी' कोड वाचतो हे मला माहीतच नव्हतं. मोठ्यावर स्टिअरिंग मॉड्यूलमध्ये सोलेनॉइड सर्किटचा 'सी' कोड निघाला, अधूनमधून येणारा. लाइव्ह डेटात जड झाल्यावरही वेग 0 च दिसतो, म्हणजे मॉड्यूलला गाडी पळतेय असा भास होत नाहीये.

गरम असताना कॉइल 8.5 ओहम. ही वाढ वाईट का?

जुनाखिळा
नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. 65 अंशांनी तापली तर 6.8 चे साडेआठ व्हायलाच हवेत. कॉइल निरोगी आहे, तिला सोडा.

आता वायरिंग डायग्राम बघा. बहुधा एका पिनवर फ्यूजमधून सप्लाय आणि दुसऱ्या पिनला मॉड्यूल अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) देतं-काढतं. तसं असेल तर गाडी तापवून, कपलर काढून, सप्लायची पिन आणि चेसिस यांच्यामध्ये 5 वॅटचा टेस्ट लॅम्प लावा आणि दुसऱ्या हातानं हार्नेस (तारांचा जुडगा) हलवत चला. दिवा कुठे मंद होतो ते पाहा. तिथून पुढे डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा: तारेचे चार-चार बोटं तुकडे धरून हलकेच ओढा.

सर्किटबहाद्दर
कपलरच्या आतही बघा. माझ्या सोलेनॉइडमधून ऑइल झिरपून पिनांवर आलं होतं, आणि तारेच्या आतून चढत पुढच्या कपलरपर्यंत पोचलं होतं. वरून सगळं कोरडं!

जडहस्त
सापडलं!! कपलर कोरडा, पिना चकाचक. टेस्ट लॅम्प गार असताना लख्ख. तापवल्यावर पिवळट, आणि हार्नेस ब्रॅकेटपाशी हलवला की विझायचा. मग सांगितल्याप्रमाणे तार ओढली. सगळीकडे ताठ, आणि त्या एका जागी आवरण च्युइंग गमसारखं लांबलं. ब्लेडनं सोललं तर आत हिरवी भुकटी आणि तांब्याचे दोन केस. बाकी सगळं तुटलेलं.

कारणही तिथेच बांधलेलं होतं. मागे कधीतरी इंजिन माउंट बदललं तेव्हा कुणीतरी हार्नेस केबल टायनं ब्रॅकेटला करकचून आवळला होता. रेस केलं की इंजिन हलतं, तार हलत नाही. गार असताना दोन टोकं एकमेकांना टेकून असायची, तापून आवरण सैलावलं की सुटायची.

सोल्डर करून टेप गुंडाळू का?

जुनाखिळा
इंजिनला लागून नुसतं सोल्डर नको. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि कंपनानं बरोबर तिथेच तुटते. हिरवा भाग पूर्ण कापून टाका, चकाकणारं तांबं लागेपर्यंत. त्याच जाडीचा नवा तुकडा, दोन्हीकडे क्रिंप स्लीव्ह (दाबून बसवायची धातूची नळी), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). मग कोड पुसा आणि एक तास चालवा.

जडहस्त
चार दिवस झाले, रोज तासभर चालवतोय. कोड परत आला नाही, पार्किंगला एक बोट पुरतं. रॅकची ऑर्डर रद्द केली; गॅरेजवाल्यांना फोटो पाठवला, अजून उत्तर नाही. नवा केबल टाय सैल बांधलाय, त्यातूनही एक बोट जातं.